ओढ्यात विरघळलेले बैल

मंडळी, आज माझा जीव अर्धा झाला होता, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

तुम्हाला ठाऊकच आहे, नेकनूरला माझ्या ओसरीवर चार-पाच वर्षांची लेकरं येतात. मोठी झाली की निजाम सरकारच्या शाळेत उर्दूत पाढे म्हणायचेच आहेत. तोवर मातीत हात घालू द्या, असं माझं म्हणणं. उद्या पोळा, म्हणून त्यांनी मातीचे बैल केले नि उन्हात वाळवले.

आज मी पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात सगळी आपापले बैल घेऊन ओढ्यावर पळाली. पोळ्याला बैल धुतात, हे जन्मापासून पाहिलेलं ना! मी धावत पोचले, तर बैल पाण्यात विरघळलेले नि लेकरं काठावर भोकाड पसरून बसलेली.

धोंडी तर लईच रडत होता. त्याच्या घरचा बैल यंदा रोगानं गेला. "आक्का, ह्यो बी मेला. म्याच मारला," म्हणाला.

विणकराची राबिया त्याच्याशेजारी बसली. पाण्यात बोट घालून म्हणाली, "मेला कावून? हितंच तर हाय. वर काढ की."

धोंडीनं ओंजळीनं गाळ काढला नि हुंदके देत देतच शिंगं करायला लागला.

घरचे म्हणतात, माती विरघळते हे आधीच सांगायचं होतं. तुम्हीच सांगा, मी सांगितलं असतं, तर गेलेला बैल धोंडीला परत कुठं मिळाला असता?