मोठेबाबांचा टोन

मंडळी, ग्रुपवर नवा सिंथ-पॉप अल्बम भारी का जुनी गाणी, यावरून तुमचं भांडण चालू हाये, म्हणून आज दुपारी मी तो अल्बम गावी, बोरी अरबच्या घरी स्पीकरवर लावला. त्यात सिंथपेक्षा ढोल-ताशाच जास्त.

आमचे मोठेबाबा वीस वर्षं धुमाल पार्टीत, म्हणजे लग्नाच्या वरातीतल्या ढोल-ताशाच्या बँडमध्ये, कीबोर्ड वाजवत. आतून ओरडले, "कोणाची वरात निघाली बे?"

मग मी एक जुनं गाणं लावलं. त्यात ढोल-ताशा काहीच नाही, नुसता सिंथ, कीबोर्डचाच आवाज. मोठेबाबा येऊन बसले. मांडीवर बोटं चालू झाली.

"हा टोन माह्या कीबोर्डवर होता. रोज वाजवला. पण त्या ढोलांत मले कधी आयकूच नाही आला."

आता नवं-जुनं मरू द्या. बिनढोलाची गाणी सांगा, मोठेबाबा स्पीकरपाशीच बसून राह्यले.