आत्याचे हेडफोन आणि तेच ते जेवण

कचेरीत तिला सगळे आत्या म्हणतात, तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला मॅनेजरसुद्धा. खरी आत्या ती एकीचीच. पण तिच्या घरीच राहणारी ती भाची इथे कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी भर खोलीत तिने हाक मारली, "आत्या, माझा डबा तुझ्या पिशवीत राहिला," तेव्हापासून 'मॅडम' हा शब्द जो गेला तो परत आला नाही.

कचेरी ऐकून लिहिणाऱ्यांची. कुठे बैठका होतात, कुठे चौकशा, कुठे मुलाखती. त्यांची रेकॉर्डिंग इथे येतात आणि इथल्या बायका कानाला हेडफोन लावून ती टाइप करतात. काय बोललं ते कळायला फारसे कष्ट पडत नाहीत. कोण बोललं ते कळायला पडतात. टेबलाभोवती माणसं बसलेली, सगळी एकमेकांचं वाक्य तोडणारी, आणि कागदावर मात्र प्रत्येक वाक्यापुढे त्याच्या धन्याचं नाव हवं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की कागद परत येतो, आणि त्याबरोबर कुणाचीतरी तक्रार.

म्हणून इथे हेडफोन उघड्या पाठीचे लागतात. त्यांच्या वाटीला मागून जाळी असते. हवा आत येते, आवाज थोडा बाहेर जातो, कान शिजत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आवाज डोक्याच्या मधोमध गोळा होऊन बसत नाहीत; खोलीत असावेत तसे आपापल्या जागी राहतात. एक डावीकडे, एक जरा मागे, एक खिडकीशी. बंद वाटीचे हेडफोन लावले तर दुपारपर्यंत डोकं म्हणजे झाकण लावलेलं पातेलं होतं, असं आत्या म्हणते.

भारीतले हेडफोन या कचेरीला परवडत नाहीत. स्वस्तातले बाजारात ढीगभर. त्यांतले कुठले घ्यायचे हे आत्या ठरवते. तिने हो म्हटलं की मॅनेजर मागणी नोंदवतो. दुसऱ्या कुणाला विचारत नाही.

तिची पद्धतही तिच्यासारखीच, घरगुती आणि निर्दय. नमुन्याचा हेडफोन ती घरी नेते आणि त्याच्याबरोबर संसार करते. तो घालून मटार सोलते, फरशी पुसते, खाली वाकते, वर बघते. गुडघ्यावर ठेवून त्याची कमान फाकवते, जशी घाईत असलेली बाई डोक्यावरून ओढून काढेल तशी. वायर जिथे वाटीत शिरते तिथे बोटाला गुंडाळून पिळते. टेबलावरून पाडते. सासूबाई पलीकडून म्हणतात, "सूनबाई, त्याने काय घोडं मारलंय तुझं?" आत्या म्हणते, "अजून नाही मारलं. कचेरीत गेल्यावर मारेल, म्हणून आत्ताच बघते."

आवाजाची परीक्षा शेवटी. त्यासाठी तिच्याकडे एक जुनं रेकॉर्डिंग होतं. गाणं नव्हे. गाणं लावलं की मन गाण्यात जातं आणि कान रिकामा राहतो, हे तिचं ठाम मत. ते होतं घरातलं एक जेवण. मिठाच्या डबीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलने टिपलेलं: सासूबाईंची कुरकूर, दिराचं सगळ्यांच्या वर चढलेलं बोलणं, नवऱ्याचा मधूनच एखादा शब्द, भाचीचं तोंडात घास असताना हसणं, चमच्यांची किणकिण. डोळे मिटून ती ते ऐकायची. कोण कुठे बसलंय ते हेडफोनमधून दिसलं, तर हेडफोन पास. दिसलं नाही, तर खोक्यात परत.

या वेळी नमुने दोन होते, दोन्ही जाळीचेच, एक काळा आणि एक करडा. काळ्याची कमान जाड, वायर दणकट, सांध्याला कुठे फट नाही की आवाज नाही. करडा हलका, आणि कमान फाकवली की बिजागरीशी करकरणारा. जेवण दोघांतही दिसलं. मग प्रश्न उरला टिकण्याचा, आणि करकरणारं बिजागर आत्याला मुळात आवडत नाही, दाराचं असो की माणसाचं. तिने काळ्याला हो म्हटलं.

काळे आले, बायकांनी लावले. काही दिवस गेले. मग कागद परत येऊ लागले.

भाचीने हे आत्याला कचेरीत नाही, घरी सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

"आत्या, रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"त्या काळ्यांत सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे ऐकू येतात. कोण कुठला कळत नाही. डोकं दुखतं. सगळ्यांचंच दुखतं."

"मग बोलल्या का नाहीत कुणी?"

"तू पास केलेत ना. सगळ्यांना वाटलं, आपलेच कान धड नाहीत. आता उलटं म्हणतायत."

"काय उलटं?"

भाचीने दाराच्या चौकटीवर नख फिरवलं. "की आत्याचे कान गेले."

आत्याने गॅस बंद केला. कचेरीतल्या दुसऱ्या खोलीसाठीही हेडफोन घ्यायचे होते आणि मॅनेजर तिच्या शब्दाची वाट पाहत होता. तो भला माणूस. तोंडावर काही म्हणाला नसता. पण पुढच्या वेळी नमुने दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेले असते, आणि आत्याला ते आपोआप कळलं असतं, जसं पंगतीत आपल्याला वगळून वाढपी पुढे गेला की कळतं. इतकी वर्षं ती ज्याच्या जोरावर त्या खोलीत ताठ बसली होती तो तिचा हुद्दा नव्हता. कान होता. आणि कान जातो तेव्हा आवाज करत नाही. तो पायऱ्या उतरून जातो, आणि घरातल्याला वाटतं, अजून आत आहे.

तिने जेवणाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. काळ्यात. सगळे आपापल्या जागी दिसले. सासूबाई उजवीकडे, दाराजवळ. दीर समोर. तिने हेडफोन काढून नवऱ्यापुढे ठेवला.

"मला तर दिसतं," ती म्हणाली. "मग त्यांना का नाही?"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. भाची त्याला काका म्हणते, आणि गल्लीही काकाच म्हणते. दिवसभर लोकांना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावणारा माणूस; फार बोलत नाही, पण समोरचा वाचतोय की नुसतं बोलतोय हे त्याला पक्कं कळतं.

"हेच रेकॉर्डिंग किती वर्षं लावतेस गं?"

"पहिल्यापासून. परीक्षा सगळ्यांना सारखी नको?"

"हं," काका म्हणाले, आणि चष्म्याची काच पुसत राहिले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आत्या बाजारात गेली असताना घरात ती सोडून सगळे जेवले. परत आली तर ताटं घासून झालेली. काकांनी मोबाइल पुढे केला.

"नवं जेवण आहे. काळा लाव आणि सांग कोण कुठे बसलंय."

आत्याने डोळे मिटले. "सासूबाई उजवीकडे. दाराजवळ."

"बरं. कशावरून?"

"कशावरून म्हणजे? त्या नेहमी तिथेच..."

ती थांबली. डोळे उघडले नाहीत, पण भुवया वर गेल्या.

"ऐकलंस की आठवलंस?" काकांनी हळूच विचारलं.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला आज खिडकीशी बसवलं याने. उन्हात. वर म्हणतो, शास्त्रासाठी."

"माझ्याकडे एक म्हातारबाबा येतात," काका म्हणाले. "तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणतात. पाठ आहे त्यांना. पाठीमागे वळवून उभं केलं तरी म्हणतील. मी तक्ता बदलला की गप्प. आणि खोटं बोलत नाहीत हं ते. त्यांना खरंच वाटतं, दिसतंय."

आत्याने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. आता आठवण बाजूला सरकली होती आणि उरला होता तो नुसता काळा हेडफोन. त्यात तिच्या घरातली माणसं एका अरुंद बोळात उभी होती, खांद्याला खांदा लावून, सगळी एकाच तोंडाने बोलत. कोण कुठे, सांगता येईना. हे हेडफोनचं की माझं? म्हातारबाबांचा तक्ता बदलला, पण डोळे तर गेलेलेच होते ना.

"करडा दे," ती भाचीला म्हणाली.

भाचीने खोक्यातून करडा काढला. आत्याने तो लावला; बिजागर करकरलं. मग खोली उघडली.

बोळाच्या भिंती मागे गेल्या. ती सावकाश बोलू लागली, अंधारात हाताने चाचपडावं तशी. "सासूबाई डावीकडे. जवळ. खुर्ची कुरकुरतेय, म्हणजे ती मोडकी दिलीय त्यांना. तुम्ही उजवीकडे. भाऊजी बसलेले नाहीत. बोलत बोलत मागून फिरतायत... पाणी घेतलं... परत आले. ही माझ्या समोर, घास तोंडात ठेवून हसतेय, हजारदा सांगितलं तरी." भाचीने जीभ चावली. आत्या अजून ऐकत होती. "आणि दारात कुणी आलं होतं. आत नाही आलं. शेजारीण. भांडं मागायला."

काकांनी चष्मा नाकावर चढवला. शेजारणीचं त्यांच्या स्वतःच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"आली होती खरी," सासूबाई म्हणाल्या. "आणि भांडं तिचंच होतं, आपण परत दिलं नव्हतं."

आत्याने हेडफोन काढला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण खांदे पूर्वीच्या उंचीवर आले होते. "कान आहे," ती म्हणाली. "पेपर फुटलेला होता."

राहिलं ते करकरणं. तिने काकांचा बारीक पेचकस मागितला, चष्म्याच्या दांड्यांना वापरतात तो, आणि करड्याची बिजागरी उघडली. आत लोखंडाची पट्टी होती, बऱ्यापैकी जाड. करकरत होतं ते वरचं प्लास्टिकचं टोपण, पट्टीला घासून. वायर खोबणीतून सुटी होत होती. कानाच्या गाद्या निघत होत्या. मग तिने काळा हातात घेऊन सगळीकडून फिरवला. कुठे स्क्रू नाही. सगळं चिकटवलेलं. मोडणार नाही असं दिसतं, आणि ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी कचऱ्यात. इतक्या वर्षांत तिने हेडफोन फाकवले, पिळले, पाडले होते. उघडून मात्र एकही पाहिला नव्हता. हे तिला स्वतःलाच जरा लागलं.

सकाळी ती मॅनेजरच्या टेबलापाशी गेली, पण बोलली खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काळे माझ्या शब्दावर आले. शब्द चुकला."

मॅनेजर खुर्चीतच सावरून बसला. "अहो आत्या, एवढं काय त्यात. वयानुसार थोडंफार..."

"वयानुसार काही नाही. मी तेच ते जेवण ऐकत होते, पाठ झालेलं. आवाज आठवणीने भरून काढत होते. आता नवं ऐकलं. दोन्ही खोल्यांना करडे घ्या."

"ते करकरणारे? महिन्यात मोडतील."

"मोडतील एखाददुसरे." तिने पर्समधून पेचकस काढला आणि त्याच्या देखत बिजागर उघडून परत बसवलं, जणू पाकिटातून चष्मा काढून घातला. "मोडले तर असं."

"आणि काळ्यांचं काय करू? लोणचं?"

"एकट्याचं बोलणं टाइप करायचं असतं तिकडे द्या. एक माणूस बोळातही ओळखू येतो. आणि त्या टेबलांवर आदळआपटही फार. तिथे ते आपल्या सगळ्यांना पुरून उरतील."

मागच्या रांगेतली एक जण म्हणाली, "आत्या, म्हणजे आमचे कान ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. जीभ कुठे गेली होती तेवढं सांगा." आत्या वळली. "डोकं दुखलं तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. मी पास केलं म्हणून गप्प बसायचं नाही. मी म्हणजे काय भिंतीवरचा तक्ता आहे का?"

मॅनेजरने मागणीचा कागद ओढला आणि विचारलं, "करडेच ना?" तिने मान हलवली. त्याने पुढे काही विचारलं नाही.

करड्यांतला एक पावसाळ्याच्या आत मोडलाच. काकांच्या दुकानातला स्क्रू त्याला बसला. बाकीचे करकरतात, आणि आता त्या करकरण्याची खोलीला सवय झाली आहे.

नवा नमुना आला की घरात नवं जेवण होतं. आत्याने जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. नियम तिनेच केला: जागा बदलायच्या, काय बोलायचं ते ठरवायचं नाही, आणि परीक्षकाने पंगतीत बसायचं नाही. बसली तर कळेल, आणि कळलेलं मग ऐकू येत राहील.

त्या दिवशी ती ताट आणि एक पातेलं घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. घर तिचं, स्वयंपाक तिचा, माणसं तिची, आणि ती भिंतीपलीकडे. अलीकडे पोचते ती नुसती गुणगुण, शब्द झिजून गेलेली. मधेच हशा उठतो. कशावर, ते तिला कळत नाही. पूर्वी हे तिला कधीच सोसलं नसतं. दार उघडून तिने विचारलं असतं, काय झालं.

परवा सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "सूनबाई, एकटीला जेवण जातंय का?"

"जातंय," आत्या म्हणाली. "माझं नाव काढू नका, रेकॉर्ड होतंय."

आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.