चपलेतला हात

चपला परत देण्याआधी ती प्रत्येक चपलेत हात घालायची. पार पुढच्या टोकापर्यंत बोटं फिरवायची, मग चप्पल उलटी करून दगडावर दोनदा आपटायची आणि माणसाच्या पायापुढे ठेवायची. "घाला आता. रिकामी हाय."

आमच्या पेठेतल्या देवळात तुम्ही कधी आला असाल तर तिला पाहिलंच असेल. दारातल्या कडुनिंबाखाली गोणपाट टाकून ती चपला सांभाळत बसायची. मंद्रूपकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सगळे तिला मावशी म्हणत. ती माझ्याहून चांगली दहा वर्षांनी लहान, तरी मीही म्हणायचे. म्हणजे मी आपोआप तरुण.

एकदा मी तिला विचारलंच, "रोज एवढं काय शोधतेस गं चपलेत?"

"लई येळा काय नसतंय," ती म्हणाली. "पर एकांद्या टायमाला आसतंय की."

मी तेव्हा पंचावन्नाची होते. शाळेत शास्त्र शिकवायचे आणि सोलापुरातलं निम्मं शहाणपण आपल्याकडे आहे अशा थाटात चालायचे. शुगर निघून चार वर्षं झाली होती. त्यावर मी माझी स्वतःची उपचारपद्धती शोधून काढली होती. कुणाकडे गेलं की खणखणीत आवाजात "माझा बिनसाखरेचा हं!" म्हणायचं, आणि घरी येऊन दोन शेंगापोळ्या खायच्या. शेंगापोळीत गूळ असतो, आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, हे मी माझ्यापुरतं सिद्ध केलेलं होतं. गोळ्या घ्यायच्या त्या बरं वाटत नसेल त्या दिवशी. मला तर रोजच बरं वाटायचं.

त्या वैशाखात मी सोमवारी भर दुपारी अकरा प्रदक्षिणा घालायला लागले. देवळाभोवतीची फरशी अशी तापलेली, की बायका टाचांवर उड्या मारत सावली गाठायच्या. मी मात्र संथ, हात जोडून, अनवाणी.

"बाई, तुमचे पाय भाजत नाहीत?" एकीने विचारलं.

"नामात असलं की कळत नाही," मी म्हणाले. असं बोलताना मला लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

बोलबाला झाला. पुढच्या सोमवारी दोघी-तिघी माझ्या पाया पडल्या. मी आशीर्वादही दिले, अगदी सढळ हाताने.

तिसऱ्या सोमवारी मावशीने माझ्यापुढे चपला ठेवल्या आणि वाकून माझा घोटा धरला. मला वाटलं, चला, हीसुद्धा! मी हात वर केला, "सुखी रा—" म्हणाले, तोवर तिने माझा पाय उचलून उलटा केला. मेंढीचा खूर बघतात तसा. मी पडता पडता झाडाला धरलं.

"बाई, ह्यो फोड कवाचा?"

"कुठला फोड?"

तिने खराट्याची एक काडी मोडून घेतली. "डोळं मिटा. टोचलं की सांगा."

मी मिटले. वर्षानुवर्षं पोरींना फळ्यावर ज्ञानेंद्रियं शिकवणारी मी, चपलांच्या ढिगात एका पायावर डोळे मिटून उभी. थोडा वेळ गेला.

"अगं, टोच की," मी म्हणाले.

"कवाच टोचलंय, बाई."

डोळे उघडले तर काडी तळव्यात रुतून वाकली होती.

"साखर हाय न्हवं तुमास्नी?" ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या घरधन्याला व्हती. चपलेत खडा शिरला, हरभऱ्याएवढा. दिसभर मेंढरांमागं त्यावरच चालला. कळलंच न्हाय त्याला. आदी अंगठा काडला. मग हितनं. मग हितनं." घोट्यावर एक, गुडघ्याखाली एक, अशा स्वतःच्या पायावर तिने बोटाने रेघा ओढल्या. मग बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवून दिला.

शेजारच्या फुलवालीवर सगळ्या चपला सोपवून तिने रिक्षा थांबवली.

"मला चालता येतंय गं," मी म्हणाले.

"येतंय, म्हणून तर!"

साखरेने पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, मग भाजलेलं, टोचलेलं कळत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. आठ दिवस उशीर झाला असता तर अंगठा ठेवता आला नसता, म्हणाले. मी भीत भीत गुळाचं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. मावशी हसली.

जखम भरायला अडीच महिने लागले. त्यानंतर देवळात जायचं तर तिच्या हुकमाने मोजे घालून. "देवाला मी सांगते," म्हणायची. येता-जाता चारचौघांत ओरडायची, "बाई, पाय बगू!" मग दुसरी चौकशी.

"पोळी खाल्ली?"

"अर्धी."

"मंजे आखी."

मी चिडायचे. आणि पाय पुढे करायचे.

आता मी सत्तरी ओलांडली, दहाही बोटांसकट. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे धरले आणि लेक तिला मंद्रूपला घेऊन गेली. फोनवर बोलणं व्हायचं. हॅलो नाही, काही नाही. "पाय बगितलं का?" या उन्हाळ्यात लेकीचाच फोन आला. झोपेतच गेली म्हणाली.

कडुनिंबाखाली हल्ली स्टीलची मांडणी आहे. टोकन दिलं की चपला समोर येतात. परवाच्या सोमवारी आल्या. मी काठी काखेत धरली, वाकले, आणि चपलेत हात घातला, पार पुढच्या टोकापर्यंत.

"आजी, काही हरवलंय का?" मागच्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

डावीत काही नव्हतं. उजवीत खडा होता, तुरीच्या दाण्याएवढा. हाताला लगेच लागला.