दीड दिवसाची नानकटाई

त्या भाद्रपदात माझं आणि बाप्पाचं बोलणं बंद होतं. म्हणजे दिवा लावत होते, फूल वाहत होते, पण एकाच घरात राहणाऱ्या दोन रुसलेल्या माणसांसारखं, कामापुरतं. संकष्टीचा उपाससुद्धा मी सोडून दिला होता. चतुर्थीच्या तोंडावर भावकीतले एक काका वारले. त्यांना मी माझ्या लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही पंगतीत मठ्ठा मिळाला नाही म्हणून रुसलेले. पण सुतक ते सुतक. बदलापूर गावातल्या आमच्या घरात पहिल्यांदाच गणपती आला नाही. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, महिनाभर खपून केलेलं मखर रिकामंच राहिलं, आणि ते उतरवायलाही त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

आबांनी याचा अर्थ भलताच लावला. बाप्पाने पाठ फिरवली, म्हणजे आपले दिवस भरत आले. "फुडच्या सालचा गनपती मी काय बघत नाय," असं म्हणून त्यांनी जेवणातून अंग काढून घेतलं. चहा तेवढा चालू. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत, फक्त खायला घाला. जसं काही आम्ही ताट लपवूनच ठेवत होतो! आमच्या भागात ज्यांचा गणपती असा राहून जातो, ते पंधरवड्याने साखरचौथीला दीड दिवसाचा आणतात. माझ्या नवऱ्याने तसं सुचवून पाहिलं, तर आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी नाय बोलावनार. त्याला येवाचा आसंल तं येल तो." आबा दिवसेंदिवस वाळत चालले होते. मला त्यांची काळजी होती आणि बाप्पाचा संताप. इतकी वर्षं ज्याने तुझं केलं, त्याच्याशी असं वागतात का?

अशा मनःस्थितीत शाळेतला उपक्रम डोक्यावर आला. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या शाळेतली सहावीची मुलं दरवर्षी नानकटाई करून वृद्धाश्रमात वाटतात. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप घरोघरून डब्यांतून येतं आणि उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका बेकरीत आम्हाला भट्टी मिळते. दरवर्षी मी गोल आकार सांगते. त्या दिवशी लक्ष थाऱ्यावर नव्हतं, म्हणून म्हणाले, "करा रे हवा तो आकार." गणपती नुकतेच होऊन गेलेले. समृद्धी नावाच्या मुलीने गणपती केला, तो पाहून शेजारणीने केला, आणि मी वळून पाहते तो सगळा वर्ग गणपती करत होता. एकाचं पीठ कमी पडलं, त्याने उंदीर केला.

बेकरीचे सिंधी शेठ ट्रे पाहून दोन पावलं मागे सरले. "मॅडम, बाप्पा को भट्टी में डालूं? पाप किसको लगेगा?" मी म्हटलं, मला लावा, माझं तसंही त्याच्याशी बिनसलंय. शेठनी चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले आणि डोळे मिटून ट्रे आत सरकवला. ट्रे बाहेर आला तेव्हा सगळ्या बाप्पांची पोटं सुटली होती आणि सोंडा एकमेकांत अडकल्या होत्या. उंदराचा तर हत्ती झाला होता. मुलं मात्र खूश होती.

खरी पंचाईत वृद्धाश्रमात झाली. आजी-आजोबांनी नानकटाई हातात घेतली, डोळ्यांना लावली आणि उशाशी मांडून ठेवली. खाईना कुणीच. "देवाला कसं गं चावायचं?" एक आजी मलाच विचारू लागल्या. मुलांचे चेहरे उतरले. समृद्धीचा गणपती तर कुणी हातातही घेईना, कारण तो उजव्या सोंडेचा निघाला. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, उगाच कोण अंगावर घेणार? शेवटी तिने डोळे पुसत तो कागदी पिशवीत घालून मला दिला. "टीचर, तुमच्या घरी तरी खा."

घरी येऊन मी पिशवी टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. परतले तर आबा पिशवीत डोकावून उभे. कितीतरी दिवसांत ते खाटेवरून आपणहून उठले नव्हते.

"सूनबाय, साखरचौतीचा आनलास काय गो?"

तेव्हा मला उमगलं, आज चतुर्थी. मी आणलाय म्हणू तर ते खोटं होतं. म्हटलं, "आबा, मी नाही आणला. तोच आला."

आबांनी आंघोळ केली, धोतर नेसले. सोंड उजवी म्हणून मलाही साडी बदलायला लावली. परातीत पाणी घालून मधोमध पाट ठेवला, मुंग्या बाप्पापर्यंत पोचू नयेत म्हणून. मखरात नानकटाई बसली. चंद्र पाहून नैवेद्य दाखवला, आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं म्हणून आबांनी वरणभाताचे चार घास खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाचा प्रश्न. नवरा बादली घेऊन आला, तसे आबा कडाडले, "पोरांनी खावाला केलाय, पान्यान नासवतास?" मग शांतपणे मला म्हणाले, "चहा टाक." आरती झाली. आबांनी बाप्पाला दोन्ही हातांनी उचललं आणि वाफाळत्या कपात उतरवलं. पोट विरघळलं, सोंड जरा वेळ तरंगली आणि तीही गेली. "गनपती बाप्पा मोरया," आबा ओरडले, "फुडच्या वर्षी लवकर या!" आणि चमच्याने सगळा कप फस्त केला.

ते काय बोलून गेले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आणि नवऱ्याच्या आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता आरतीचं तबक आवरत राहिलो.

संध्याकाळी वृद्धाश्रमात फोन करून मी हा विधी सांगितला. तिथेही चहाच्या वेळी एकच जयघोष झाला म्हणे, आणि समृद्धीला ते सांगितल्यावर ती वर्गभर नाचली. यात चमत्कार होता की माझ्या विसरभोळेपणाची करामत, ते मी ठरवत नाही. एवढंच कळतं, की मी गोल आकार सांगायला विसरले नसते तर त्याला आमच्या घरी यायला वाट नव्हती. आमचं बोलणं आता सुरू झालंय. मीच आधी बोलले, हात जोडून म्हटलं, तुला हवं तसं ये, मी फक्त दार उघडं ठेवते.

त्या दिवशी विसर्जनाचा कप धुवायला घेतला तेव्हा आबांनी आतून हाक मारली. मला वाटलं, दमले असतील. ते विचारत होते, "आनि गवरी नाय केल्यान काय गो त्या पोरांनी?"