दोन पाइपांचा फिल्टर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमचं लष्करी वर्कशॉप उत्तरेच्या सरहद्दीवर, घाटाच्या पायथ्याशी होतं. मी हवालदार मेकॅनिक. हाताखाली नाईक सिद्धार्थ कांबळे, जयसिंगपूरचा. दोघं कोल्हापूर जिल्ह्यातले, त्यामुळे काम करताना बोलणं कमी आणि भांडण जास्त.

एका वन टन गाडीचं, म्हणजे छोट्या ट्रकचं, इंजिन कामातून गेलं. त्या मॉडेलचं इंजिन स्टोअरमध्ये नव्हतं, म्हणून दुसऱ्या मॉडेलचं घातलं. ते बसलं, पण त्याचा ऑइल फिल्टर खाली अ‍ॅक्सलवर आपटत होता. दोनच उपाय होते. एक, त्याच जागी ठेंगणा फिल्टर लावायचा. तो लवकर भरतो आणि दरवेळी गाडीखाली झोपून बदलावा लागतो. दुसरा, फिल्टर मडगार्डच्या आत बाजूला बसवून इंजिनापर्यंत दोन रबरी पाइप न्यायचे. मग तो उभ्या उभ्या बदलता येतो.

सिद्धार्थला पाइप नको होते. "उस्ताद, ठेंगणाच लावूया की. बाहेर लोंबतंय ते पयला मार खातंय."

मी विचारलं, "बर्फात पाठीवर झोपून फिल्टर बदलायला तू जाणार हाईस?"

"जातो की."

मी हसण्यावारी नेलं. हवालदार मी होतो. पाइपच बसवले. त्यानेच बसवले, आणि माझ्यापेक्षा नीट.

आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्याच्या हुकमाने इंजिन बसलं, त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. कामात खोट असेल तर ती त्यालाच भोवावी, एवढा साधा हिशोब. दुसऱ्या दिवशी गाडी रेशन घेऊन वर निघाली, तेव्हा बंद गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरी गाडीचा गिअरबॉक्स उघडा पडला होता. मेजर साहेबांनी मला त्या कामासाठी थांबवलं. माझ्या जागी सिद्धार्थ चढला.

परतीच्या फेरीत गाडीत वरच्या पोस्टवरचे जखमी होते. वाटेत शेलिंग सुरू झालं. मी वर्कशॉपात रेडिओ सेटजवळच होतो. सिद्धार्थचा आवाज आला.

"शेलचा तुकडा लागला. पाइप तुटला. ऑइल प्रेशर झिरो, इंजिन बंद केलंय. ओव्हर."

"खाली उतरू नको. दुसरी गाडी पाठवतो. ओव्हर."

"मागच्यांना तेवढा वेळ न्हाय, उस्ताद. फिल्टर वगळून पाइप जोडतो. आउट."

पुढचं ड्रायव्हरने सांगितलं. सिद्धार्थने तुटका पाइप काढला, शाबूत पाइपाची दोन्ही टोकं इंजिनाला जोडली आणि डब्यातलं ऑइल भरलं. शेवटची क्लिप आवळत असताना दुसरा शेल पडला. गाडी खाली आली. जखमी सगळे जगले. सिद्धार्थला त्याच गाडीतून आणलं, पण तो वाटेतच गेला होता.

लोक म्हणतात, पाइप होते म्हणून त्याला जोड देता आली. मला ते पटत नाही. ठेंगणा फिल्टर इंजिनाच्या आडोशाला राहिला असता, तर त्याला खाली उतरावंच लागलं नसतं. माझ्या हातून काम चुकलं नाही, असं चौकशीत ठरलं. मला मात्र आजही वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

रिटायर झाल्यावर मी कागल एमआयडीसीजवळ गॅरेज टाकलं. एकदा सिद्धार्थचा धाकटा भाऊ मिलिंद जुनी जीप घेऊन आला. त्याला तिच्यात दुसरं इंजिन बसवायचं होतं, आणि तिथेही फिल्टर अ‍ॅक्सलवर येत होता. त्याने विचारलं, "काका, दादानं काय लावलं असतं?"

मी म्हणालो, "ठेंगणा. मलाबी तेच सांगत हुता. म्या ऐकलं न्हाय."

मिलिंदने जीपची किल्ली माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "मग ठेंगणाच लावा."

गाडीखाली झोपून मी तो माझ्या हाताने लावला. पहिल्या फेरीला पन्हाळ्याचा चढ घ्यायचं ठरलं. मिलिंद म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता, मी जाऊन येतो.

मी दार उघडलं आणि त्याच्या शेजारी बसलो. अख्खा घाट मी ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघत होतो. तो हलला नाही. वर पोचल्यावर मिलिंदने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "काका, पोचलो. उतरा आता." मला लवकर उतरवेना. ही जागा सिद्धार्थ गेला त्या दिवशी माझी होती.