आप्पांचा बाक

“ज्यांना अडचण हाय, त्यांनी भाईरच थांबा. आत देव हाय,” शिपाई कोणाकडेच न बघता म्हणाला. ग्रामपंचायतीच्या पायरीवर आम्ही चार-पाच बायका होतो. आत माझ्या आजोबांची, आप्पांची शोकसभा होती आणि नात म्हणून मला दोन शब्द बोलायचे होते. दोघीजणी मुकाट खाली उतरल्या. उतरायला मीही हवं होतं...

आप्पा नास्तिक नव्हते. सकाळी तासभर त्यांची पूजा चाले. पण ते सरपंच असताना कचेरीत कोणी देवाची तसबीर लावली, की संध्याकाळी ती काखेत मारून घरी आणत. त्यामुळे आमच्या देव्हाऱ्यात गणपतींचीच दाटी. “आप्पा, देवाला हाकलता व्हय?” लोक विचारत. “हाकलत न्हाई, घरी न्हेतोय. हितली भांडणं त्याला कशाला ऐकवायची?” मी दौंडच्या शाळेतून सुट्टीला आले की मला मात्र हसण्यावारी न नेता सांगत, “देव माझा हाय, पोरी. कचेरी समद्यांची.”

दाखल्यासाठी आलेल्या बायका तेव्हा दाराबाहेर ताटकळत. आप्पांनी आत, खिडकीखाली त्यांच्यासाठी लाकडी बाक आणून ठेवला. आधी त्या कडेला अंग चोरून बसत; पुढं तिथूनच ग्रामसेवकाला पाण्यावरून झापू लागल्या.

आप्पांना जाऊन महिना होत नाही, तोच त्या बाकावर संगमरवरी देव्हारा आला. आणला कोणी, तर आप्पांसमोर कधी ब्र न काढलेल्यांनी. याला धाडसही म्हणवत नाही. नुसती वाट पाहिली त्यांनी. भक्ती म्हणावी, तर आरती मोबाइलवर लावावी लागते. आप्पांचा फोटो त्याच देव्हाऱ्याला टेकवून नवे सरपंच माइकवर सांगत होते, “आप्पा म्हंजी देवमाणूस. त्यांच्याच इचारानं गाव चाललंय.” त्यांना हसूही आलं नाही.

मी चारचौघांत बोलत नाही. शाळेत ‘अडचणी’चा विषय आम्ही कुजबुजत काढायचो, तोही इंग्रजीत. त्याचा मराठी शब्द मी आईपुढेही उच्चारला नव्हता. गपचूप आत गेले असते तर कोणाला कळणार होतं? पण खाली उतरलेल्या त्या दोघी खालीच राहिल्या असत्या... माझं नाव पुकारलं. शिपायानं अदबीनं वाट दिली. मी उंबऱ्यातच थांबले, देव्हाऱ्याखालच्या त्या झिजलेल्या फळीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“मला पाळी आलीय. मी आत येतेय. बाक रिकामा करा, बायकांना बसायचंय.”