जास्वंदीचा एक दिवस

चार नोव्हेंबरला, निवृत्तीनंतर चार दिवसांनी, मी जलरंग, तीन ब्रश आणि जाड कागद आणले. दोन हजार तीनशे चाळीस रुपये. पावती पाहायला घरातले सगळे हजर होते, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई.

"एवढ्यात सहा महिन्यांचे गहू आले असते," सासूबाई म्हणाल्या.

तीनच महिन्यांचे आले असते. कचेरीत आयुष्यभर आकडे जुळवले. आता बागेतलं फूल जसं दिसतं तसं काढायचं होतं. फुलासारखं काहीतरी नको, तेच फूल.

अडचण अशी की बागेतलं प्रत्येक फूल आधीच देवाच्या नावावर होतं. लाल जास्वंद गणपतीची. उजाडताच सासूबाई परडी घेऊन निघत आणि अर्ध्या उमललेल्या कळ्या खुडत. मी जाईपर्यंत झाडावर नुसती पानं. पानं मला बरी जमायला लागली.

"देव्हाऱ्यापुढे बसून काढ की."

"मग गणपतीही काढावा लागेल, आई. सोंड नाही जमायची मला."

एकदा पानांआड एक फूल त्यांच्या नजरेतून सुटलं. माझ्या तीन पाकळ्या होईतो दिवस कलला आणि फूल मिटलं. जास्वंद एका दिवसाचीच. उरलेल्या दोन पाकळ्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच सुटलेल्या वेगळ्या फुलावरून काढल्या. नवरा "वा!" म्हणाला. तो करपलेल्या पोळीलाही वा म्हणतो. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"या दोन पाकळ्या या जास्वंदीच्या नाहीत."

"कशावरून?"

"अगं, इकडे सकाळ आहे, तिकडे दुपार. शेजारणीची पोरं आपल्या पंगतीत बसवल्यासारखं दिसतंय."

राग आला, कारण खरं होतं. "मग मला एक अख्खं फूल द्या, दिवसभर, झाडावर. नाहीतर हे रंग मी कुणाला तरी देऊन टाकते."

विकतचं फूल सासूबाईंनी कधी देवाला वाहिलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शिवाय दुसऱ्या दिवशी संकष्टी होती आणि झाडावर कळी एकच.

जेवताना म्हणाल्या, "उद्याची कळी राहू दे. भिंतीवर खोटं फूल लावण्यापेक्षा देवाला विकतचं चालेल. पण काढशील तर नीट काढ."

सकाळी नवरा देवाची फुलं आणायला स्कूटरवरून पंचवटीला गेला. फूल पुरतं उमलल्यावर मी बसले आणि आधी सावल्या पेन्सिलीने आखून घेतल्या, म्हणजे ऊन सरकलं तरी घोळ नको. सासूबाई कंपाउंडपाशी खुर्ची टाकून राखणीला बसल्या. फिरायला निघालेल्या एका आजोबांनी सवयीने भिंतीवरून हात घातला.

"अहो, हात मागे!" सासूबाई म्हणाल्या. "फूल आज कामावर आहे."

आजोबा चपापले आणि मग चित्र बघत तिथेच उभे राहिले. सासूबाईंनी त्यांना पुढे पाठवलं.

पाचला चित्र पूर्ण झालं. मधला दांडा जरा जाडच झाला. सासूबाईंनी एकेका पाकळीवरून, कागदाला न लावता, बोट फिरवलं.

"आता पाचही हिच्याच."

जास्वंदी आणि दुर्वांचे वीस रुपये चित्राच्या खर्चात धरू का, असं नवऱ्याने विचारलं. त्याआधीच सासूबाईंनी बटवा उघडला होता. "गणपती माझा आहे." त्यांनी त्याला वीस रुपये दिले; तेवढेच त्याने सकाळी पंचवटीतल्या फुलवालीला दिले होते.